धागा: कौल्या – समुद्रातला चिलखती सस्तन प्राणी (नाहीये, पण असता तर कसा जगला असता?)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत, गंगापूर रोडला, दर उन्हाळ्यात पोरांचं शिबीर असतं आणि या वर्षी विषय घेतलाय 'नसलेला प्राणी तयार करा', अट एकच की तो खरोखर जगू शकला पाहिजे. नाशिकची पोरं म्हटल्यावर निम्म्यांनी बिबट्याच काढला, कुणी पंखवाला कुणी पाण्यातला. पण सहावीतल्या एका मुलीने विचारलं की समुद्रात चिलखतवाला सस्तन प्राणी का नाहीये, आणि तेव्हापासून मी त्याच्याच मागे लागलोय.

बघा ना, जमिनीवर असे प्राणी आहेत. आपल्याच सह्याद्रीत खवल्या मांजर आहे, अमेरिकेत आर्माडिलो आहे, पूर्वी दक्षिण अमेरिकेत टनभर वजनाचे ग्लिप्टोडॉन होते. समुद्रात कासव, खेकडा, शेवंड सगळ्यांना कवच. पण देवमासा, डॉल्फिन, सील, डुगाँग, एकाच्याही अंगावर नाही. कारण उघड आहे, यातल्या बहुतेकांचं पोट वेगावर चालतं, आणि डॉल्फिन-देवमासा शेपूट वरखाली मारून पोहतात म्हणजे पाठ सतत वाकायला हवी. चिलखत घातलं की वेग गेला.

मग मी उलट्या बाजूने विचार केला. समुद्रात चिलखत संरक्षणासाठी येणारच नाही, ते वजनासाठी येईल, आणि संरक्षण मागाहून फुकट मिळेल. सगळा धागा याच एका मुद्द्यावर आहे, तो पटला नाही तर पुढचं वाचू नका. डुगाँग आणि त्याची भावकी मॅनेटी, म्हणजे समुद्रगाई, यांच्या फासळ्या भरीव आणि जड असतात ते याचसाठी, तळाशी चरायचं तर शरीर वर तरंगून चालत नाही. पेरूच्या किनाऱ्यावर काही दशलक्ष वर्षांपूर्वी थॅलासोक्नस नावाचा समुद्रात चरणारा स्लॉथ होता, त्याची जीवाश्मं एकावर एक थरांमध्ये सापडतात आणि जसजसं अलीकडच्या थरात यावं तसतशी हाडं आणखी घट्ट, आणखी जड झालेली दिसतात. आणि नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो तर ओढा लागला की आजही श्वास धरून तळावरून चालत जातो, सहा मिनिटांपर्यंत, कारण त्याच्या चिलखताने तो बुडतो. पाणी रुंद असलं तर हाच गडी हवा गिळून पोट फुगवतो आणि पोहत जातो.

तर माझा प्राणी, नाव कौल्या. लांबी अडीच मीटर, वजन चारशे किलोच्या आसपास. पाठीवर घरावर कौलं चढवतात तशा एकावर एक चढलेल्या हाडाच्या पट्ट्या, त्यावर नखासारख्या केराटिनचा पातळ थर. पोट मऊ. पुढचे पाय जाड, नखं आकडीसारखी, खडक धरून ठेवायला. दाढा सपाट, शिंपले फोडायच्या. मिशा भरपूर, वॉलरससारख्या, गढूळ पाण्यात चाचपायला. कोकण किनाऱ्यावर राहतो, भरतीबरोबर वर चढतो, खडकावरचे शिनाणे, कालवं, कुर्ल्या खातो आणि ओहोटीबरोबर खाली उतरतो. आता तुम्ही त्याला फाडा.

सिन्नरचा_इंजिनियर:
विषय एक नंबर. मी फक्त हिशोब करतो. हाडाची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट धरू, म्हणजे ५० किलोचं चिलखत पाण्यात २५ किलोच भरतं. फुफ्फुसात २५ लिटर हवा धरली तर ती जवळपास २५ किलोचा भार वर उचलते. बाकी मांस वगैरे पाण्याइतकंच. म्हणजे पाण्याच्या वरच्या पातळीला हिशोब शून्यावर, प्राणी ना बुडतो ना वर येतो. आता दहा मीटर खाली न्या. दाब दुप्पट झाला, हवेचा आकार निम्मा झाला, उचल उरली साडेबारा किलोची, म्हणजे तुमचा कौल्या तिथे साडेबारा किलोने जड आहे. लाटेच्या ओढीत तळावर पाय रोवून चालायला हे वजन मस्त आहे. पण वर येताना तेवढंच वजन ओढत आणायचंय, दर फेरीला, आयुष्यभर. म्हणून याला खोल पाणी नाही परवडणार, माझ्या मते दहा-बारा मीटर ही हद्द.

पण खरी अडचण वेगळीच आहे. सगळं जड हाड पाठीवर आणि मऊ हलकं पोट खाली. अशी वस्तू पाण्यात सोडली तर ती उलटते. होडीत सगळा माल टपावर रचल्यावर काय होईल? कौल्या पोट वर करून तरंगेल आणि शार्कला मऊ पोट आयतं मिळेल. याचं उत्तर द्या मग पुढे बोलू.

जनावरांची_डॉक्टर:
उत्तर मी देते, कारण हे निसर्गाने आधीच सोडवून ठेवलंय. मॅनेटीचा श्वासपटल आपल्यासारखा छाती आणि पोटाच्या मधे उभा नसतो, तो पाठीच्या कण्याला समांतर आडवा पसरलेला असतो आणि दोन भागांत असतो. फुफ्फुसं त्याच्या वर, पाठीच्या खाली, जवळजवळ धडभर लांब. म्हणजे हवेची पिशवी सगळ्यात वर आणि बाकी सगळं तिच्याखाली. कौल्याला हेच द्या. चिलखताच्या अगदी खाली लांबच लांब फुफ्फुसं. जिथे जडपणा आहे तिथेच त्याच्या तोडीची उचल आली की उलटायचा प्रश्न बराचसा मिटतो, उरलेलं काम जड पायांवर आणि खालच्या बाजूच्या भरीव फासळ्यांवर सोडा.

आणि श्वास घेताना छाती फुगणार कुठे हे कुणी विचारायच्या आत सांगते, वरून चिलखत असल्याने ती खालीच फुगेल, म्हणून पोट मऊ ठेवलंय ते योग्यच आहे. पोटालाही पट्ट्या लावायचा मोह आवरा.

माझी शंका उष्णतेची. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं आणि हाडाची पट्टी काही ब्लबर, म्हणजे कातडीखालचा चरबीचा जाड थर, नाही. सी-ऑटरला ब्लबर नसतं तर तो रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा खातो. मग कौल्याने किती खायचं?

गोदाकाठ:
@डॉक्टरताई, श्वासपटल घेतला, धन्यवाद, हे माझ्या कागदावर नव्हतं.

उष्णतेचं म्हणाल तर म्हणूनच तो कोकणात ठेवलाय. अलास्काचं थंड पाणी वेगळं आणि आपलं २६ ते ३० अंशांचं पाणी वेगळं. शिवाय आर्माडिलोचं शरीर मुळातच थंड, ३३ ते ३५ अंशांच्या आसपास, आणि चयापचय संथ. कौल्याही तसाच संथ. डुगाँगही उबदार पाण्यातच राहतो, मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात, अंदमान. गुजरातच्या वर कौल्या जाणार नाही. पट्ट्यांमधून रक्तवाहिन्या जातातच, त्या जाड पट्टीखाली आकसल्या की उष्णता आत राहते, उन्हात पाठ वर काढून पडला की त्याच पसरतात आणि ऊब आत घेतात. सुसरीच्या पाठीवरच्या हाडांबद्दल असंच मानतात.

पंचवटीकर:
अहो नाशिकचा माणूस आणि प्राणी कोकणात? गोदावरी काय कामाची मग? ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशी-एक किलोमीटर आणि तरी आपली नदी १,४६५ किमी उलट्या दिशेने जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी कोरिंगाची खारफुटी आहे, काकीनाड्याच्या उपसागरात शिंपले भरपूर. कौल्याला तिथे पाठवा, आपल्या पाण्यातच राहील.

गोदाकाठ:
@पंचवटीकर, मनातून मलाही तेच हवं होतं. पण तिथे तळ चिखलाचा. खाली गेल्यावर जो प्राणी मुद्दाम जड होतो तो त्या गाळात रुतणार, आणि नखांनी धरायला खडक नाही. चिखलातला प्राणी रुंद पंजाचा, पसरट आणि हलक्या चिलखताचा लागेल, म्हणजे कौल्याचा भाऊ म्हणा पण कौल्या नाही. ते काम मी पोरांच्या दुसऱ्या गटाला दिलंय. खडकाचं म्हणाल तर पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरलीत तोच पाषाण घाट उतरून रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला समुद्रात शिरतो, तेवढं नातं आपल्याला पुरे.

मालवणकर:
माका आवडला. प्राणी खडपातला, म्हणजे किनाऱ्याच्या खडकातला आहे हे बरं केलं. आता किनाऱ्यावरच्या माणसाचं ऐका. खडपात राहणाऱ्याचा दिवस सूर्यावर नसतो, पाण्यावर असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती एकदम वरपर्यंत चढते आणि जी कालवं एरवी कोरडीच असतात त्यांच्यापर्यंत कौल्या पोचेल. भांगाच्या दिवसात पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तेव्हा तो खालच्या शिनाण्यांवर भागवेल. म्हणजे पंधरा दिवसांत दोन-चार दिवस चंगळ आणि बाकी दिवस साधं जेवण. रात्री उधाण आलं तर रात्री चरेल. तुमच्या मॉडेलशेजारी पोरांना भरती-ओहोटीचा तक्ता लावायला लावा, त्याशिवाय हा प्राणी कळणारच नाही.

आणि आवडत्या खडकाखाली फोडलेल्या शिंपल्यांचा ढीग पडणार, आम्ही त्या ढिगावरून ओळखू की वर कौल्या बसतो.

कुणीतरी पुढे म्हणेल आंग्रिया बँकेवर, म्हणजे समुद्रातल्या त्या बुडालेल्या पठारावर ठेवा, तिथे प्रवाळ आहे. नको. ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आहे, मधे पाणी खोल, आणि बँकेचा माथाच वीस मीटरवर. बारा मीटरची हद्द असलेला प्राणी तिथे पोचणारही नाही आणि टिकणारही नाही.

जुनीहाडं:
इतिहासाची एक गंमत सांगतो, कारण चिलखती देवमाशाची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला काही शास्त्रज्ञांना खरंच वाटायचं की आदिम देवमाशांच्या अंगावर हाडांच्या चकत्यांचं कवच होतं, कारण त्यांच्या हाडांसोबत तशा चकत्या सापडल्या होत्या. पुढे लक्षात आलं की त्या चकत्या समुद्री कासवाच्या. दुसरा पुरावा म्हणून बिनपंखी पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्याकडे बोट दाखवायचे, त्याच्या पाठीवर बारीक खडबडीत उंचवटे असतात, ते जुन्या चिलखताचे अवशेष असं म्हणायचे. तेही पुढे टिकलं नाही. पण हा पॉरपॉइज आपल्या कोकण किनाऱ्यावरच राहतो हे किती जणांना माहितीये? पोरांना त्याचा फोटो दाखवाच.

बाकी गोदाकाठ, केराटिन न घेता हाड घेतलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. खवल्या मांजराचे खवले केराटिनचे, हाडापेक्षा खूप हलके, त्यांनी वजनाचं काम झालंच नसतं. आणि त्वचेत हाड तयार होणं सस्तन प्राण्यांत वाटतं तितकं अशक्य नाही, काटेरी उंदरांच्या शेपटीत अशा चकत्या असतात असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आर्माडिलोशी त्यांचं जवळचं नातं नाही, म्हणजे ही गोष्ट वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उगवते. कौल्याचा पूर्वज अमेरिकेतून आणायची गरज नाही.

कट्ट्यावरचा:
एक विचारू? खरे प्राणी मरतायत आणि आपण नसलेल्याच्या फुफ्फुसावर भांडतोय. त्या पोरांना सरळ खवल्या मांजर शिकवा की.

गोदाकाठ:
@कट्ट्यावरचा, प्रश्न रास्त आहे, सरळ सांगतो. शिबिराच्या पहिल्या दिवशी बहुतेक पोरांना खवल्या मांजर महाराष्ट्रात असतं हेच माहीत नव्हतं. कौल्याचं चिलखत कशाचं करायचं यावर वाद झाला तेव्हा ती स्वतः शोधायला गेली, आणि मग त्यांना कळलं की तस्करीत सगळ्यात जास्त मारल्या जाणाऱ्या सस्तन प्राण्यांत तो आहे. त्या दिवशी वर्गात कुणी बोलेना. मी नुसतं भाषण दिलं असतं तर हे झालं नसतं.

आता मॉडेलबद्दल. सायकलची जुनी ट्यूब उभी कापली, पसरली, तिच्यावर एमसीलच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीखाली एक तृतीयांश सरकवलेली. सुकल्यावर ट्यूब हातात धरून वाकवली. पाठ वर फुगवली की पट्ट्यांच्या मधे रबर उघडं पडतं, म्हणजे तिथे दात घुसणार. उलटी, आत वाकवली की कडा एकमेकींवर दाबतात, रबर ताणून मागे ओढतं, आणि जास्त जोर लावला तर मधल्या पट्टीचा टवका उडाला. डावी-उजवीकडेही तेच, आतल्या बाजूला कडा भिडतात. हे हाताने बघितल्यावर शेपूट मारून पोहायचा विषयच संपला. मग आर्माडिलोचीच रचना घेतली, खांद्यावर एक अखंड ढाल, कमरेवर एक, आणि मधे पाच सुट्या पट्ट्या, तेवढ्याने खडकावर चढताना अंग वळवता येतं. पोहायचं पुढच्या पायांनी, कासव पोहतं तसं, आणि ते सुद्धा फक्त श्वासाला वर येताना.

शार्कबद्दल. टायगर शार्क कासवाचं कवच कापू शकतो, त्याचे दात करवतीसारखे असतात, तेव्हा कौल्या अजिंक्य नाही. त्याचा खरा बचाव पट्टीत नाही, पकडीत आहे. धोका वाटला की पोट खडकाला चिकटवायचं, नखं फटीत, आणि हलायचं नाही. वरून फक्त चिलखत. पण कौल्याचा दम मी आठ मिनिटांचा धरलाय, तेवढ्यात श्वास संपणार, आणि शार्कला ते कळलं तर तो तिथेच घिरट्या घालेल. म्हणून उथळ पाणी. मोठा शार्क जिथे नीट वळू शकत नाही अशा खडपाच्या फटीत.

रानवाट:
पिल्लाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते. आर्माडिलोचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं चिलखत मऊ चामड्यासारखं असतं, ते काही आठवड्यांत टणक होतं. कौल्याचंही तसंच हवं, नाहीतर आईचा जीवच जाईल. पण इथे इंजिनियर साहेबांचा हिशोब लावून बघा. पिल्लाकडे हाड नाही, फुफ्फुसात हवा आहे, म्हणजे पिल्लू तरंगणार! त्याला बुडताच येणार नाही. सुरुवातीला हे सोयीचं आहे, नाक आपोआप पाण्याबाहेर. पण आई तळाशी चरतेय आणि पिल्लू वर एकटं, लाटेने वाहून जाईल.

मला वाटतं आई त्याला खडपातल्या डबक्यात ठेवेल, ओहोटीला जिथे पाणी अडकून राहतं तिथे, आणि भरती चढायच्या आत परत येईल. आपल्याकडच्या खडकांवर सरगॅसम शेवाळ वाढतं, त्यात लपवता येईल. एका वेळी एकच पिल्लू. दूध घट्ट, स्निग्ध, कारण आईला फार वेळ थांबता येत नाही. जसजशा पट्ट्या भरत जातील तसतसं पिल्लू थोडं थोडं खाली जायला लागेल, आधी हातभर, मग पुरुषभर. त्याला डुबी मारायला शिकवायची गरजच नाही, अंगातलं वजनच त्याला रोज थोडं आणखी खाली नेतं.

आणि जन्म पावसाळ्यानंतरच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जून-जुलैत त्या डबक्यांवर लाटा फुटत असतात.

सिन्नरचा_इंजिनियर:
@रानवाट, हे जबरदस्त आहे. तुमच्यामुळे आणखी एक सुचलं. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात खडपावर चरता येणार नाही, खाड्यांमधून गढूळ पाणी उतरतं ते वेगळंच, म्हणजे दोन महिने उपासमार, चरबी उतरणार. आता चरबी पाण्यापेक्षा हलकी. ती गेली की प्राणी बारीक होतो आणि पाण्यात उलट जड होतो! ज्या वेळी अंगात ताकद सगळ्यात कमी त्याच वेळी वर यायला सगळ्यात जास्त मेहनत. कौल्याची मरायची वेळ ऑगस्ट आहे, लिहून ठेवा.

मालवणकर:
ऑगस्टमध्येच तर १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठून होड्या पाण्यात उतरतात. म्हणजे सगळ्यात अशक्त कौल्या आणि सगळ्यात नवी जाळी एकाच वेळी. ट्रॉलर खडपात जाळं घालत नाही, फाटतं म्हणून, पण खडपाच्या कडेने लावलेल्या उभ्या जाळ्यात हा अडकणार आणि आठ मिनिटांत गुदमरणार. चिलखताचा इथे तोटाच, पट्टीची कड जाळ्याच्या डोळ्यात अडकते.

खऱ्या प्राण्यांसाठी आपल्याकडे एक चांगली योजना आहे. डिसेंबर २०१८ पासून जाळं कापून कासव, डॉल्फिन, देवमुशी मासा असं संरक्षित जनावर सोडलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळ्याची किंमत बघता कापणं सोपं नाही, पण लोक कापतात. कौल्या असता तर त्यालाही याच यादीत घाला म्हणून मी पहिला गेलो असतो.

जनावरांची_डॉक्टर:
शेवटची एक भर. सुसरीच्या त्वचेतल्या हाडांवर वाढीचे थर दिसतात, त्यावरून वयाचा अंदाज काढतात. कौल्याच्या पट्ट्याही दरवर्षी थराने जाड होत जाणार. म्हणजे प्राणी म्हातारा होईल तसा जड होत जाईल आणि त्याची खोलीची हद्द वर सरकत जाईल. तरुण दहा-बारा मीटरपर्यंत जातो, म्हातारा पाच मीटरच्या आतच.

गोदाकाठ:
हे घेतलंच पाहिजे. म्हणजे खोल खडकावरचं अन्न तरुणांना मोकळं राहतं आणि म्हातारे किनाऱ्याला, होड्यांच्या आणि माणसांच्या जवळ येतात. पोरांना सांगतो, दोन मॉडेल करा, एक पातळ पट्टीचं, एक जाड पट्टीचं, आणि दोन्ही पाण्याच्या टाकीत सोडून कुठलं किती खाली जातं ते मोजा. म्हाताऱ्याच्या पट्टीच्या कडा झिजून बोथट झालेल्या हव्यात, @मालवणकर यांचा जाळ्याचा मुद्दा बघता त्याने तो तरुणापेक्षा कमी अडकेल का, हे तुम्ही सांगा.

मालवणकर:
कमी अडकेल. पण पाच मीटरच्या आत उभी जाळी जास्त असतात, तेव्हा हिशोब तिथल्या तिथेच.